फ्यूज दिराचा, ब्रेकर भावाचा

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा असेल तर माझी कवळी आत्ता, बोलता बोलता, तुमच्यासमोर गळून पडो. पडली? नाही ना? मग ऐका.

एक होती कवायतबाई. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवून सांगावं लागायचं. रोज सकाळी ती मैदानाच्या कडेला आपली जुनी गाडी लावायची, मागची डिकी उघडायची आणि डिकीतल्या भल्याथोरल्या स्पीकरच्या खोक्यावर गाणी लावून म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायची. घर त्यावरच चालायचं. गाणं वाजलं की गुडघे धरून आलेलेसुद्धा थिरकायचे. आणि थांबलं की सगळे जिथल्या तिथे, हात वर तर हात वर, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यांसारखे.

आणि हल्ली गाणं सारखं थांबत होतं.

स्पीकर बसवला होता तिच्या दिरानं. त्याचं दुकानच होतं गाड्यांत स्पीकर बसवायचं. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाडजूड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. वायरीत नको तेवढी वीज धावली की फ्यूजची पट्टी वितळते, वीज बंद पडते, वायर जळायची वाचते. वितळलेला फ्यूज फेकायचा, नवा घालायचा. ती तिसऱ्यांदा दुकानात गेली तेव्हा दीर चहा पीत होता.

"भाऊजी, परत उडाला."

"उडणारच, वहिनी. त्याचं कामच ते."

"त्याचं काम उडायचं. आणि माझं? शिट्ट्या मारायचं?"

"कुठंतरी वायर पत्र्याला लागत असणार. गाडी दोन दिवस इथं सोडा, मी बघतो."

"दोन दिवस म्हाताऱ्यांना काय तुमच्या दुकानात नाचवू?"

ती तणतणत रस्ता ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे तिच्या धाकट्या भावाचं दुकान. तेसुद्धा स्पीकरचंच. हे दोघं समोरासमोर बसून दिवसभर एकमेकांकडे न बघण्याचं काम करायचे.

"ताई, फ्यूज कोण लावतं आजकाल?" भाऊ म्हणाला. "मी ब्रेकर बसवतो. तोही वीज तोडतो, पण वितळत नाही. नुसता पडतो. बटण दाबलं की पुन्हा उभा. बदलाबदलीची कटकटच नाही."

त्यानं ब्रेकर बसवला. पण फ्यूज मात्र तसाच ठेवला.

"हा काढ की मग."

"दिराच्या कामाला मी हात लावायचा? उद्या तुझ्या सासरी मलाच नावं ठेवतील."

झालं. एका दाराला दोन रखवालदार, आणि दोघांत बोलणं नाही. कधी फ्यूज उडायचा, कधी ब्रेकर पडायचा. फ्यूज उडाला की भाऊ हसायचा, ब्रेकर पडला की दीर हसायचा. कवायतबाईला मात्र भर व्यायामात पुढं धावत जाऊन बोनेट उघडावं लागायचं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि कूस बदलून झोपला. उशी त्याच्या तोंडावर दाबावी असं तिला वाटलं. मग तिनं ती स्वतःच्याच तोंडावर दाबून एक किंकाळी फोडली.

त्यातच त्या म्हाताऱ्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी तिला बाजूला घेतलं. "हे बघा, लोक अर्धवट वाकून उभे राहतात, कंबर धरते त्यांची. उद्या गाणं थांबलं तर परवापासून तुमच्या जागी शिट्टीवर व्यायाम घेणारी दुसरी बाई येईल. तिला वायर नाही, काही नाही."

दुसऱ्या दिवशी कवायतबाईनं दीर आणि भाऊ दोघांना मैदानावर बोलावलं आणि उघड्या बोनेटपाशी उभं केलं. "आज गाणं थांबलं तर दोघांना म्हाताऱ्यांबरोबर नाचायला लावीन."

पहिली गाणी सुरळीत गेली. मग आलं पायाचं गाणं. यात आधाराला हात ठेवायचा आणि एक पाय गुडघ्यात वर घ्यायचा. कुणी गाडीचं दार धरलं, कुणी शेजाऱ्याचा खांदा. निवृत्त पोस्टमास्तरांनी नेहमीप्रमाणे डिकीतल्या खोक्यावर सगळा भार टाकला आणि पाय उचलला. गाणं गप्प.

"ब्रेकर पडला," दीर गोड आवाजात म्हणाला.

"फ्यूजनं दमवला असेल त्याला," भाऊ म्हणाला आणि बटण दाबलं. पडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा पडलं. सेक्रेटरीबाईंनी घड्याळ बघितलं. कवायतबाईनं एक शिवी गिळली.

पोस्टमास्तर एक पाय वर घेऊन तसेच. शिस्तीचा माणूस, सांगितल्याशिवाय पाय खाली ठेवणार नाही. इतके स्थिर, की एक कबूतर आलं आणि त्यांच्या गुडघ्यावर बसलं. त्यांनी खोक्यावरचा हात उचलून त्याला हाकललं. नेमकं तेव्हाच तिकडं बोनेटपाशी भावानं बटण दाबलं, आणि गाणं सुरू. मास्तरांनी हात पुन्हा खोक्यावर टेकला. गाणं बंद.

कवायतबाई डिकीपाशी धावली.

"मास्तर, हात काढा. धाकट्या, दाब."

गाणं.

"मास्तर, हात ठेवा."

बंद. आणि करपल्या रबराचा वास.

तिनं चौघांना लावून खोकं उचलवलं. खाली वायर, वायरीखाली गाडीच्या पत्र्यातला बोल्ट, आणि वर खोक्याचा कोपरा. वरचं रबर चेपून जळालेलं, आतलं तांबं उघडं. भार पडला की तांबं बोल्टला टेकत होतं आणि वीज भसाभस पत्र्यात पळत होती.

"वायर त्यांची," भाऊ म्हणाला.

"खोकं इथं नव्हतं," दीर म्हणाला. "कुणीतरी सरकवलंय."

कवायतबाई चिकटपट्टी शोधायला लागली. चटया मावाव्यात म्हणून खोकं तिनंच सरकवलं होतं. ते तिनं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

"भांडणं नंतर. आधी चिकटपट्टी गुंडाळा," ती म्हणाली. दोघांनी एकाच वायरीवर पट्टी गुंडाळली, एकानं इकडून, एकानं तिकडून, आणि वायर बोल्टापासून लांब बांधली. "आणि धाकट्या, संध्याकाळी तुझा ब्रेकर काढ."

"का गं ताई?"

"आत्ता किती वेळा दाबलंस? वायर जळत होती आणि तू दाबत होतास. मीही तेच केलं असतं. असं बटण हाताशी असलं की माझ्यासारखी घायकुती बाई डिकी पेटेपर्यंत दाबत बसेल. फ्यूज उडाला की झक मारत थांबावं तरी लागतं."

दिराची छाती फुगली.

"तुम्ही फुगू नका, भाऊजी. बदली फ्यूज गाडीत न ठेवणारे तुम्हीच."

सेक्रेटरीबाई तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर ओरडले, "माझा दुसरा पाय राहिलाय. तो काय शिट्टीवर करू?"

मागून सगळे हसले. गाणं लागलं, दुसरा पाय झाला, शेवटचं गाणंही पुरं झालं. सेक्रेटरीबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या वेळेवर या."

दीर आणि भाऊ अजून आपापल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात की त्या दिवशी मीच जिंकलो. कवायतबाईला ते ऐकलं की अजून उशी हवी असते.

बरं, कवळी जरा हलतेय, तेव्हा सांगून टाकते. मास्तरांच्या गुडघ्यावर कबूतर नव्हतं. माशी होती.