रुद्रय्याच्या दोन स्प्रिंगा

बसव्वाच्या दारात अकरावं शहाळं शिरलं आणि कुंपणाअलीकडं गोठ्यात शेण भरणाऱ्या बनाबाईचे हात थांबले.

गेले चार दिवस तिचं हेच चाललं होतं. बसव्वाकडं कोण आलं, हातात काय घेऊन आलं, चपला दाराबाहेर किती वेळ राहिल्या, हे सगळं ती पाटी भरता भरता टिपत होती. शहाळी अकरा. बिस्किटांच्या पुड्यांची तर गणतीच सुटली. आणि आज सरपंचांच्या घरून सफरचंदं आली. सफरचंदं पाहिली आणि तिनं शेणाचा गोळा पाटीत असा आपटला की दावणीची म्हैस दचकून मागं सरली.

"बगा, सफरचंद आलं," तिनं धार काढत बसलेल्या नवऱ्याला ऐकवलं. "आमी बाळंतपणात बी असलं कदी तोंडात घातलं न्हाय."

पिराजीनं बादलीवरून मान वर केली नाही. "मरता मरता वाचलाय तिचा नवरा. काळजात दोन स्प्रिंगा घातल्यात त्याच्या. आन तू सफरचंदं मोजतीस."

"मोजतोय म्हंजे काय? समदं फुकटात झालंय की त्यांचं."

खरं दुखणं ते होतं. बनाबाई आणि बसव्वा एकाच वर्षी गडमुडशिंगीत नांदायला आल्या, एकाच गल्लीत, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना. चौतीस वर्षं झाली. बसव्वाकडं आधी नळ आला, बनाबाईला ताप आला. बसव्वाच्या दारात आधी फरशी बसली, बनाबाईनं आठवडाभर अंगण सारवलं नाही. शेजारणीच्या चुलीवरचा धूरसुद्धा जास्त दिसतो अशी तिची नजर. पण कुणाच्या आजारपणावर जळायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी गावातली आशा कार्यकर्ती निशिगंधा घरोघर फिरली होती. सरकारच्या योजनेचं कार्ड काढा, मोठं दुखणं आलं तर यादीतल्या दवाखान्यात पैसे पडत नाहीत, असं सांगत होती. बसव्वानं लगेच नवऱ्याला, रुद्रय्याला, बसवून त्याचं कार्ड काढून घेतलं. बनाबाईनं मात्र निशिगंधाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिच्या सासूची शिकवण अशी होती की दुखण्याचं सामान दुखण्याआधी घरात आणू नये. म्हातारीनं आयुष्यात घरात काढ्याची पुडीसुद्धा आणून ठेवली नव्हती. निशिगंधा गेल्यावर बनाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या.

आणि मग रुद्रय्या दूध घालायला गेला असताना डेअरीच्या पायरीवरच छाती धरून बसला. त्या दिवशी नळावर बनाबाई चार बायकांना म्हणाली होती, "कार्ड काढलं न्हवं? पत्ता दिल्यावर पावणा येनारच की."

बोलताना तिला बरं वाटलं होतं. पण रुद्रय्या आठ दिवसांत चालत घरी आला. बरोबर निळी फाईल, गोळ्यांची पिशवी आणि पथ्याचा छापील कागद. म्हैस न विकता, कुणापुढं हात न पसरता. आता गाव त्याला बघायला येत होतं, आणि तो ओट्यावर बसून काळजात तार कशी घातली ते एखाद्या कुस्तीचं वर्णन करावं तसं सांगत होता.

बनाबाई तेवढी गेली नव्हती. कुंपणापलीकडं वीस पावलं, पण गेली नव्हती.

पुढच्या रविवारी शाळेत हृदयाच्या फुकट तपासणीचं शिबिर लागलं. बनाबाईनं पिराजीला न्हाऊ घालून, इस्त्रीचा सदरा चढवून उभा केला. त्याला काही झालेलं नाही, असं तो सांगत होता. तिनं ऐकलं नाही. सरकार वाटतंय, गाव घेतंय, मग आपल्याच घरानं काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं. मनातलं तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तिला फक्त एक फाईल हवी होती. निळी नसली तरी चालली असती. काहीतरी किरकोळ निघावं, चार गोळ्या मिळाव्यात, आणि नळावर सांगता यावं की आमच्यात बी डॉक्टरानं बघितलंय.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी पिराजीच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली. मग त्यांनी विचारलं की चढावर दम लागतो का. पिराजीनं छातीवरच्या तारा चाचपल्या. बनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला एकदम आठवलं. गेले दोन-तीन महिने वैरणीचा भारा आणताना हा माणूस पाणंदीच्या वळणावर भारा उतरवून बसायचा. तिला वाटायचं, तंबाखू मळतोय.

"लागतोय," पिराजी शेवटी म्हणाला. "पर सांगून काय व्हनार हुतं?"

दुसऱ्या दिवशी एका पाहुण्याच्या ओळखीनं ते कोल्हापूरच्या रस्त्यालगतच्या एका दवाखान्यात गेले. दारात फुलझाडं, आत थंडगार. तिथं आणखी तपासणी झाली. एक नस जवळजवळ बुजली आहे, आठवडाभरात काम करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बनाबाईनं योजनेचं नाव काढलं तेव्हा खिडकीतली पोरगी म्हणाली की हा दवाखाना योजनेत नाही. मग तिनं आकडा सांगितला. बनाबाईला आकड्यातलं फार कळत नव्हतं, म्हशीतलं कळत होतं. दावणीच्या तीनही म्हशी आणि वर नुकतंच जन्मलेलं गोजिरं रेडकू, तरी भागत नव्हतं.

घरी येईपर्यंत ती पदराचं टोक पिळत राहिली. पिराजीला वाटलं, पैशाची काळजी. ती काळजी होतीच. पण आत त्याहून मोठं काही पेटलं होतं. आपण मागितलं म्हणून आलं. कार्ड न काढता, पत्ता न देता, नुसत्या जळण्यानं आपण दुखण्याला घरात बोलावलं. सासूनं दारं लावायला शिकवलं होतं, पण मनाचं दार लावायचं राहिलं होतं.

"बसव्वाला इचार की," पिराजी हळूच म्हणाला. "तिनं समदं केलंय."

"मरंन, पर त्या दारात न्हाय जानार."

"तू न्हाय मरनार. मरनार मी," पिराजी म्हणाला, आणि भिंतीला टेकून बसला.

बनाबाई उठली. पण आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि इतक्या दिवसांनी बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं म्हणजे सगळ्या गल्लीला हसायला आमंत्रण. दोन दिवसांपूर्वी व्यालेल्या म्हशीचा चीक होता. तिनं त्याचा खरवस केला, वर वेलदोडा घातला, डबा पदराखाली घेतला आणि ती वीस पावलं चालली.

बसव्वा ज्वारी निवडत होती. तिनं डबा उघडून पाहिला.

"बनाक्का, ह्यास्नी साय बंद हाय. खरवस तर लांबच."

बनाबाईचं तोंड पडलं. बसव्वानं बोटानं एक तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला. "मला बंद न्हाय," ती म्हणाली. "बस."

मग बनाबाईनं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. शिबिर, चढावरचा दम, थंडगार दवाखाना, सगळं सांगितलं. नळावर बोललेलंही सांगितलं, कारण ते बसव्वाला कळलेलं असणारच.

"कळलं हुतं," बसव्वा म्हणाली. ज्वारीतला खडा तिनं बाजूला टाकला. "लई लागलं हुतं. पर मी बी कुटं देवाची हाय? हे दवाखान्यात पडल्यालं, आन रोज पाटं तुज्या गोठ्यात पिराजीच्या बादलीचा आवाज यायचा. माजा आडवा, हिचा धार काढतुया. त्या आवाजानं माजं काळीज करपायचं बग. एकदा तर म्हनलं, त्या म्हशीनं लाथ मारावी ह्याला."

चौतीस वर्षं आपणच एकटी जळतोय असं बनाबाईला वाटत होतं. हा धूर दोन्ही बाजूंनी येत होता, हे आज कळलं.

मग बसव्वानं तिला शिकवलं. पोराला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घ्यावं तसं, एक झालं की पुढचं. दवाखाना मोठा की बारका ते बघायचं नाही, योजनेच्या यादीत आहे का ते बघायचं. यादी निशिगंधाच्या मोबाईलवर असते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड दोन्ही खरी आणि झेरॉक्स घ्यायची. आत गेल्यावर डॉक्टरला शोधायचं नाही, योजनेचं टेबल शोधायचं. तिथं आरोग्यमित्र बसतो, त्याच्या हातात कागद द्यायचे. पैसे भरायच्या आधी योजना म्हणायचं, नंतर नाही. वरून मंजुरी येते, ती येईपर्यंत दम धरायचा. कुणी औषध बाहेरून आणा म्हटलं तर चिठ्ठी घेऊन आधी त्या टेबलाकडं यायचं. आणि साध्या तापाखोकल्याला हे चालत नाही, भरती व्हावं लागतं.

"आता म्हन," बसव्वा म्हणाली.

बनाबाईनं बोटांवर मोजत सगळं म्हटलं. एक चुकली. बसव्वानं पुन्हा म्हणायला लावलं.

"आन कार्ड?" बनाबाईनं विचारलं. "मी तर निशिगंधाला दारातनं घालवली."

"त्येबी काढून ठेव. ती काय मनात धरत न्हाय. तिला रोज कोन तरी घालवतंयच."

दुसऱ्या दिवशी निशिगंधा यंत्र घेऊन आली. पिराजीनं अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. पुसून ठेवला, धुऊन ठेवला, दुसरा ठेवला. चाळीस वर्षं धार काढून आणि विळा धरून त्याच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. बनाबाईनं पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, देवच अंगठा उठू देत नाही. दारातून घालवलेलं सहजासहजी परत येत नाही.

"मावशी, रडायला काय झालं?" निशिगंधा म्हणाली. तिनं पिशवीतून डोळ्याचं यंत्र काढलं आणि पिराजीला त्यात बघायला लावलं. "बोटं झिजत्यात. डोळं झिजत न्हाईत."

पिराजीनं असं टक लावून पाहिलं जणू यंत्राच्या पलीकडं म्हैस उभी आहे. तेवढ्यात यंत्रानं घेतलं.

कोल्हापूरच्या यादीतल्या दवाखान्यात बसव्वा आपली निळी फाईल काखेत मारून पुढं चालत होती, आणि बनाबाई मागं. तिथं फुलझाडं नव्हती. बाकडी खरखरीत, गर्दी भरपूर. पण टेबल होतं, आरोग्यमित्र होता. त्यानं कागद लावून घेतले आणि थांबायला सांगितलं. मंजुरी त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही आली नाही. बनाबाई दर तासानं टेबलापाशी जाऊन उभी राहायची आणि शिकलेलं मनात म्हणायची. शेवटी आरोग्यमित्रानंच लांबून हात केला. तो हात वर होताना तिनं पाहिला, आणि ती बाकड्यावरच बसून राहिली. बसव्वानं तिला दंडाला धरून उठवलं.

संध्याकाळच्या आत पिराजीचं काम झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की सगळं नीट आहे, नस मोकळी झाली, एक स्प्रिंग बसवली.

बनाबाईनं दोन्ही हात जोडले. डॉक्टर गेले. मग तिचं तोंड हळूहळू बदललं. ती टेबलाकडं वळली.

"साहेब, रुद्रय्यास्नी दोन घातल्या. आमास्नी एकच व्हय? कार्ड उशिरा काढलं म्हनून?"

आरोग्यमित्रानं हातातला कागद उलटा करून पाहिला. बसव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती बाकड्यावर बसून हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी काही लवकर थांबलं नाही. बनाबाई तिच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

पिराजी घरी आल्यावर गाव आलं. ओट्यावर माणसं बसली, आणि पिराजीनंही तार कशी घातली ते कुस्तीसारखं सांगायला सुरुवात केली. नळावरची एक बाई म्हणाली की हे कार्ड काढायलाच भीती वाटते बाई, काढलं की दुखणं येतं.

"आमी काढलं न्हवतं," बनाबाई तिला म्हणाली. "तरी दुखनं घर हुडकत आलंच की. निशिगंधाला आज घरी बोलीव."

धार आता बनाबाईच काढत होती. आठव्या दिवशी ती गोठ्यात शेण भरत असताना कुंपणापलीकडून बसव्वाची मान वर आली.

"किती झाली गं शहाळी?"

"कोन मोजतंय?" बनाबाई म्हणाली. शेणाचा गोळा पाटीत टाकून म्हणाली, "नऊ."

"आमची अकरा हुती."

बनाबाईनं पाटी खाली ठेवली. हात पदराला पुसले, आत गेली, दोन शहाळी घेऊन आली आणि कुंपणावरून तिच्या हातात दिली.

"हे घे," ती म्हणाली. "आन पुढल्या दारानं घेऊन ये. गल्लीतनं, समद्यास्नी दिसंल असं."