ढावलोचा अर्ज

ममता राठोडचा संशोधन निधीचा अर्ज विद्यापीठातून नामंजूर होऊन आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला फोन आला. विद्यापीठाच्या संशोधन साहाय्य कक्षातल्या दीपमाला मॅडम बोलत होत्या.

"अर्ज वाचला तुझा. भाषा भारी आहे, पण तुझा तांडा त्यात कुठंच दिसत नाही. मी येऊ का तिकडे?"

मॅडम असंच म्हणत असतील, असं ममताला वाटलं. बाभुळगावच्या कॉलेजात ती तासिकांवर मराठी शिकवायची आणि ढावलोवर पीएच.डी. करत होती. ढावलो म्हणजे बंजारा नवरी सासरी निघताना रडत रडत गाते ते गाणं. ते नीट येणाऱ्या तीनच बाया आता तांड्यावर उरल्या होत्या. त्यांची गाणी रेकॉर्ड करायला आणि लोकांपुढे मांडायला निधी हवा होता. पण सायन्सवाल्यांपुढे गाण्याला कोण विचारतं, असं म्हणून तिनं तो नाद जवळजवळ सोडलाच होता.

शनिवारी मॅडम खरंच एसटीनं बाभुळगावला उतरल्या आणि ममताच्या स्कूटीवर बसून तांड्यावर आल्या.

त्या तिघींपैकी एक, ममताची काकी रुपीबाई, अंगणात तूर पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"आमचं रडणं तुमाले कायले पायजे? पोरगी मायले सोडून जाते, तवाचं ते गाणं हाय. स्टेजवर गायाचं नाही."

ममता ओशाळली. वर्षभर ती काकीकडून गाणी उतरवून घेत होती, पण ती लोकांपुढे आणू का, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आता मॅडम काकीची समजूत काढतील, असं तिला वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "बराबर हाय तुमचं. मंग लोकायले काय ऐकवायचं अन् काय नाही, ते तुमीच ठरवा."

रुपीबाईनं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चहा ठेवायला सांगितला.

दुपारभर त्या अंगणातच होत्या. रुपीबाई बोलत गेली, मॅडम विचारत गेल्या, ममता लिहीत गेली. कोणती कडवी लोकांत गायची, कोणती फक्त नवरीला शिकवायची, रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात राहील, हे गाणाऱ्या बाकीच्या दोघींनाही विचारून सगळं नव्या अर्जात आलं. मॅडमनी मात्र एकही वाक्य लिहून दिलं नाही.

"हे तूच लिही. समितीपुढं तुलाच बोलायचं आहे."

मुलाखतीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "सगळं लोकांपुढे आणणारच नसाल, तर निधी कशाला?"

"सर, काय आणायचं नाही हे त्या बायांनी ठरवलं. माझ्या संशोधनात तेच सगळ्यात मोलाचं आहे." ममतानं अर्जातलं ते पान त्यांच्यापुढं सरकवलं.

निधी मिळाला. कार्यक्रम बाभुळगावच्या कॉलेजात झाला. तिघी बाया व्यासपीठावर चढल्याच नाहीत, खाली सतरंजीवर बसल्या. लोक भोवती गोल करून बसले. रुपीबाईनं चार कडवी गायली आणि हात वर केला.

"बस. याच्या पुढचं तुमचं नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढे बसलेल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

आभार मानताना ममतानं दीपमाला मॅडमचं नाव घेतलं, तेव्हा त्या हॉलमध्ये नव्हत्या. गुडघे धरलेल्या एका म्हातारीला हात देऊन त्या बाहेर ऑटोत बसवत होत्या.