जमीन सोडून बाकी सगळं

अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये चार हिवाळे काढल्यावर प्रफुल्ल रामटेकेचं डोकं फिरलं. एका सकाळी त्याने तासभर फावडं मारून बर्फातून गाडी उकरून काढली आणि निघाली ती शेजाऱ्याची. तेवढं निमित्त पुरलं. आयुष्यात कधी कोकण न पाहिलेला हा नागपूरकर "हवाई म्हणजे अमेरिकेतलं कोकण" असं जो भेटेल त्याला सांगत सुटला आणि खरोखरच होनोलुलूच्या एका बँकेत कॉम्प्युटरची नोकरी मिळवून बसला.

"आणि हर्षिता, आता भाड्याचं अपार्टमेंट बास," तो बायकोला म्हणाला. "तिथे घर घेऊ."

हर्षिताला आनंदाने रडूच फुटलं. तिचे आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर झोपडी घालून राहिले. मालकाची मर्जी फिरली की बिऱ्हाड पाठीवर. बाबा पोस्टात कारकून होते. पोटाला चिमटा काढून त्यांनी नागपुरात इंदोऱ्याला जागेचा एक तुकडा घेतला आणि कुंपण झालं त्या दिवशी चप्पल काढून चारी कोपरे फिरून आले. छप्पर गळलं तरी चालेल, पण पायाखालची जमीन आपली पाहिजे, हे बाबांचं ठाम मत, आणि मुलीने ते माहेराहून दागिन्यांच्या आधी आणलेलं.

होनोलुलूला पोचल्यावर डोंगरापलीकडच्या बाजूला घर सापडलं. छोटंसं, लाकडी. मागे आंबा, आणि न्हाणीघराच्या खिडकीला टेकलेलं कढीपत्त्याचं झाड, चांगलं छपराएवढं. शॉमबर्गमध्ये हर्षिताने कढीपत्त्याचं एक रोप हिवाळाभर हीटरजवळ तान्ह्या बाळासारखं सांभाळलं होतं, तरी ते मेलंच. इथे कढीपत्ता रानासारखा माजलेला पाहून तिने मनातल्या मनात गृहप्रवेशसुद्धा उरकला.

तेवढ्यात घर दाखवणारी एजंट बाई हसत म्हणाली, "परदेशी माणसांना काही अडचण नाही. घर तुमच्या नावावर. जमीन तेवढी मालकिणीची. दोन हजार तेवीसपर्यंत लीज आहे."

हर्षिताने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"अहो, तुम्हाला माहीत होतं हे?"

"अगं, इकडे कॉमन आहे. म्हणून तर आपल्याला परवडतंय. आणि आत्ता कुठे चौऱ्याण्णव चालू आहे, एकोणतीस वर्षं आहेत यार, कमी आहेत का?"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर… परत करायचं."

"म्हणजे व्हिसाच की हो! पासपोर्टवरचा पुरला नाही, म्हणून अंगणालाही ठोकून घ्यायचा?"

हर्षिता हार मानणाऱ्यातली नव्हती. बर्डीच्या बाजारात भाजीवाल्यांशी घासाघीस करून ती लहानाची मोठी झाली होती. माणूस समोर बसला की मार्ग निघतो, यावर तिची श्रद्धा होती. "मालकिणीला भेटू," ती म्हणाली. एजंट बाई चपापली. इथे मालकांना कोणी भेटत नाही, वकील पत्रं पाठवतात, असं ती सांगत होती. पण हर्षिताने ऐकून घेतलं तर ती हर्षिता कसली!

रविवारी दोघं निघाले. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून नागपूरहून आलेली आणि फ्रीजरमध्ये जपून ठेवलेली संत्रा बर्फी बाहेर निघाली. मालकिणीला सगळं गाव आंटी नालानी म्हणतं, तुम्हीही आंटीच म्हणा, असं एजंटने बजावलं होतं. आमच्या माणसांना ते शिकवावं लागतं होय?

आंटी अंगाने भरभक्कम, फुलाफुलांचा घोळदार झगा घातलेली, अनवाणी. दाराबाहेर चपलांची रांग बघून हर्षिताला हुरूप आला. आंटीने बर्फीचा एक तुकडा खाल्ला, मग न विचारता दुसरा उचलला. अर्धी लढाई जिंकली, असं हर्षिताला वाटलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. आजोबांची झोपडी, बाबांचं कुंपण, चारी कोपरे, सगळं तिने जीव ओतून सांगितलं आणि म्हणाली, "म्हणून आंटी, ती जमीन आम्हाला कायमची विका."

आंटीने बोटं पुसली आणि दोघांना बाहेरच्या ओट्यावर नेलं.

"तो सुळका दिसतो? तिथपासून समुद्रापर्यंत माझ्या पणजोबांचं होतं. एका काकाने विकलं. एकाला गोड बोलून सही करायला लावली. हा एवढा तुकडा राहिला. लोक येतात, विका म्हणतात. मी म्हणते, राहा, झाडाचे आंबे खा, पण जमीन माझ्या नातीची." मग तिने सरळ विचारलं, "तुझ्या बाबांकडे कोणी मिठाई घेऊन गेलं, तर ते विकतील?"

हर्षिताला एकदम आठवलं. मागच्याच वर्षी एक बिल्डर पेढे घेऊन बाबांकडे गेला होता. बाबांनी त्याला चहा पाजला आणि पेढ्यांसकट फाटकापर्यंत पोचवलं. ते कळल्यावर हर्षिताने शॉमबर्गहून फोन करून, लाइनच्या खरखरीत ओरडून बाबांना शाबासकी दिली होती. आज त्या बिल्डरच्या खुर्चीत ती स्वतः बसली होती. तिला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

"नाही विकणार," ती म्हणाली. "आणि आंटी, तुम्हीही विकू नका. कुणालाच नाही."

प्रफुल्लच्या घशात बर्फी अडकली.

"आणखी एक," हर्षिता आता थांबायला तयार नव्हती. "तेवीस साली आम्ही येऊ. म्हातारे झालेलो असू. म्हणू, आंटी, मुदत वाढवा, आता कुठे जायचं? मी रडेनसुद्धा, मला छान रडता येतं. अजिबात ऐकू नका."

आंटी इतकी हसली की ओट्याच्या फळ्या हलल्या. "तेव्हा मी कुठची? नातीला सांगून ठेवते. तू चांगलं रडतेस, असंही सांगते."

परत जाताना प्रफुल्ल ड्राइव्ह करत होता. समुद्र दिसायला लागल्यावर त्याने विचारलं.

"तू कोणाकडून बोलत होतीस, आपल्याकडून की तिच्याकडून?"

"कोण जाणे."

"मग घर घ्यायचं की नाही? एजंटला काय सांगू?"

हर्षिता खिडकीबाहेर पाहत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण मन हलकं झालं होतं. परक्याच्या जमिनीवर राहायला जाताना या घराण्यात पहिल्यांदाच कोणाची मान खाली गेली नव्हती.

"घ्यायचं की," ती म्हणाली. "पण परत द्यायच्या बोलीवर."