पाचव्या महिन्याची तपासणी

"खुरपं ठेव म्हणते ना!"

"दोनच वाफे राहिलेत, आत्याबाई."

"वाफे कुठं पळून जात नाहीत. गाडी जाईल!"

आम्ही बांधापलीकडं कांदाच खुरपत होतो. गवंड्याच्या आईला सगळा गाव तोफ म्हणतो, ते उगाच नाही. सुनेला पाचवा महिना. नर्सबाईंनी सोनोग्राफी सांगितलेली. तोफेला नातवंडाची काळजी होतीच, पण गाडीतल्या पुढच्या जागेचीही होती. आम्ही काय आज ओळखतो तिला?

तालुक्याच्या डॉक्टरांनी पोटावरून यंत्र पुन्हा फिरवलं, पडदा नीट बघितला. मग म्हणाले, "बाळाच्या पाठीच्या कण्यात खाली फट राहिल्यासारखी दिसतेय. डोक्यातही पाणी जास्त वाटतंय. संशय आहे, खात्री नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

गवंडी म्हणजे थापी हवेत धरून तासभर गप्पा मारणारा गडी. तो आठ दिवस मुका झाला. एक भिंत तर इतक्या लवकर उठली, की घरमालकालाच चिंता पडली.

गावाला मात्र तोंड फुटलं. कुणी म्हणालं हंडे उचलले म्हणून, कुणी म्हणालं माहेरचंच रक्त तसलं. तोफेनं विहिरीवर सगळ्यांना फैलावर घेतलं, "तुम्ही गं कधी झालात डॉक्टर?" आणि घरी येऊन चुलीपुढं पुटपुटत बसली, "मीच उचलू दिले हंडे."

मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर कणा काढून दाखवला. "फट आहे. पण चूक कुणाचीच नाही. दिवस गेलेत हे कळायच्या आतच हे झालेलं असतं. हंडा उचलून असं होत नाही."

"परत सांगा," तोफ म्हणाली.

बाईंनी परत सांगितलं. तोफेनं पदरानं तोंड पुसलं.

"जन्मल्यावर लगेच ऑपरेशन करावं लागेल. पायांत जोर कमी राहू शकतो, लघवीचा त्रास राहू शकतो. किती, ते आज सांगता येत नाही. गर्भ ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. विचाराला थोडे दिवस घ्या."

गवंड्यानं लहानपणच्या सवयीनं आईकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस, बैला? पोट तिचं आहे. तिला विचार!"

सुनेनं एकच विचारलं, "त्याला आता दुखतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

चार दिवस सून मान खाली घालून खुरपत राहिली. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "ठेवायचं."

"बरं," तोफ म्हणाली. एवढं आखूड बोलणं तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मग दर महिन्याला मोठ्या दवाखान्याच्या खेपा. तारीख आधीच ठरवून तिथंच बाळंतपण झालं, सिझर करून. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी पाठीचं ऑपरेशन, पुढं डोक्यातलं पाणी उतरवायला बारीक नळी. दोन महिने मायलेकी वॉर्डात, तोफ आणि गवंडी दवाखान्याच्या ओसरीत राहिले. परत आले तेव्हा तोफेचा आवाज बसला होता. वॉर्डात कामाला असलेल्या सगळ्या आयांना झाडलोट कशी करायची ते तिनं शिकवून सोडलं म्हणे.

पोरगी आता अडीच वर्षांची आहे. डावा पाय लुळा, त्याला पट्ट्यांचा बूट. मागच्या आठवड्यात घरापुढच्या खळ्यात पहिल्यांदा तीन पावलं चालली आणि धपकन पडली. आम्ही सगळे धावलो.

"खबरदार, कुणी उचललं तर!" तोफ कडाडली, आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पोरीनं इकडंतिकडं बघितलं. जवळ शेळी बांधलेली होती. तिचा कान गच्च धरला, ओढला आणि उभी राहिली.

ओरडली ती शेळी. पोरगी हसत होती.

"उठली का गं?" भिंतीकडूनच तोफेनं विचारलं.