क्लोनबाराचा भोंगा

“हे कोणाच्या बापाला खरं वाटणार नाही,” असं म्हणत मॅलकी गिनन उठला, तेव्हा सभागृहातल्या निम्म्या लोकांनी अंगातले कोट काढून ठेवले. आता लवकर घरी जाणं होत नाही, हे त्यांना कळलं.

वीजकेंद्र बंद होऊन तीन वर्षं झाली होती. दलदलीतली जळाऊ माती, म्हणजे पीट, यंत्रांनी खरवडायची, उन्हात वाळवायची, छोट्या आगगाडीने आणून भट्टीत घालायची. यावर आयर्लंडातल्या क्लोनबारा या गावाच्या दोन पिढ्या जगल्या. घरं केंद्राची, फुटबॉलचं मैदान केंद्राचं, लग्नाच्या तारखासुद्धा कामाच्या पाळ्या बघून धरायच्या. चिमणी सुरुंग लावून पाडली. उरला भोंगा. उद्या सकाळी तो भंगारवाला नेणार होता, नाहीतर या सभागृहाच्या छपरावर चढणार होता. मॅलकीने तो तीस वर्षं वाजवला होता. काय करायचं ते आज गावच्या समितीने ठरवायचं होतं: दोन मतं भोंगा ठेवण्याच्या बाजूने, दोन विरुद्ध. पाचवं, कन्सेप्टा डूलीचं, अजून पडायचं होतं.

“कशाला हवंय ते गाढवाचं नरडं?” ती म्हणाली. “माझ्या कॉनलेथने जन्मभर पीटची गाडी चालवली, पण त्यानेही कधी लक्ष दिलं नाही आणि मीही नाही. आमच्या घरी घड्याळ होतं, बाबा!”

मॅलकीने आपली धुक्याची गोष्ट दारूच्या गुत्त्यात चाळीस वेळा सांगितली होती, दरवेळी वेगळा ड्रायव्हर घालून. आज त्याने तिचा नवरा कॉनलेथ घातला. तो वारल्याला सहा वर्षं झाली होती, हरकत घेणार नव्हता.

“ऑक्टोबरातला तो धुक्याचा दिवस आठवतो? धुकं इतकं घट्ट, की कोंबड्या त्यावर पाय देत छपरावर गेल्या. आणि कॉनलेथ सतरा डबे घेऊन दलदलीत हरवला.”

“रुळांवरची गाडी हरवते कशी रे?” अध्यक्ष टिअर्नन मास्तरांनी विचारलं.

“मास्तर, रूळच हरवले होते.”

मागून कोणीतरी खिदळलं. कन्सेप्टा हसली नाही. मॅलकी तिच्याकडेच बघत होता.

“साडेबाराचा भोंगा मी दाबला, तो तासभर सोडलाच नाही. हादऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी टिकावं म्हणून पुरलेलं लोण्याचं पिंप चिखलातून वर आलं. आणि गाडी? रूळ सोडून झुडपांतून आवाजाच्या रोखाने निघाली, ती थेट केंद्राच्या फाटकात! कॉनलेथ खाली उतरला, तेच लोणी पावाला लावलं, आणि म्हणाला, मॅलकी, तुझा भोंगा नसता तर...”

“खोटारड्या!” कन्सेप्टा ताडकन उठली. “त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही! तू तापाने फणफणून घरी पडला होतास. साडेबाराच्या भोंग्याला बटाटे चुलीवर चढवायचे, म्हणून मी पातेलं हातात धरून उभी! घड्याळात एक वाजला तरी भोंगा नाही, तेव्हा मी घड्याळच अर्धा तास मागे घेतलं!”