घरटी एक

कापसाचा बोळा कानात अर्धा गेला आणि तिचं बोट तिथेच थांबलं – आज कशाला? आज कुठे काय वाजणार आहे? बोळा पांढरा, बोटांनी वळून वळून घट्ट केलेला, रोजच्यासारखाच. काल आपलं काम गेलं हे हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिने तो बाहेर काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि मग उगाचच अंगठ्याने चिरडला... डाव्या कानासाठीचा होता तो. म्हणजे तसाही व्यर्थच, कारण त्या कानात आता राखण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. बंदूक उजव्या खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकला, की डावा कान आपोआप नळीकडे होतो, आणि चाचणीघरात वर्षं काढलेल्या प्रत्येकाचा डावा कान असाच, कुणाला कळायच्या आत गेलेला असतो. तिथली माणसं एकमेकांशी बोलायला नेहमी उजवीकडून येत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई, बंदूक नंतर.

कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक बंदुकीची पहिली गोळी चाचणीघरात उडे, वाळू भरलेल्या बोगद्यात. नळी फुटायचीच असेल तर ती इथे फुटावी, गिऱ्हाइकाच्या तोंडावर नको, एवढाच त्या कामाचा अर्थ. खांद्याला धक्का, नाकात जळकट वास, दूर वाळूत धप्प – की पुढची बंदूक. इतक्या गोळ्या झाडल्या आणि कधी एक चिमणी मारली नाही, असं ती पूर्वी हसत हसत सांगायची. कालपासून ते आठवलं की तिचे दात आवळले जात होते.

समोर नवरा शिळा पाव चावत होता. तो पॅकिंगमध्ये होता; मागच्या कपातीत त्यांचा अख्खा विभागच गेला, आणि तेव्हापासून तो घरातल्या चालू वस्तू उघडून दुरुस्त करत बसे. त्याचा जबडा वर-खाली होत होता आणि त्याबरोबर कानशिलावरची शीर हलत होती. त्या शिरेच्या किंचित वर, केस विरळ झालेत तिथे... तिने मान फिरवली. ही नवीनच खोड लागली होती नजरेला. ज्याच्याकडे बघावं त्याच्या अंगावर आधी एक जागा शोधायची, मग तोंडाकडे बघायचं. तो काहीतरी म्हणाला, डावीकडून, आणि तिने मान हलवली. त्या बाजूने कोणी काही बोललं की मान हलवून मोकळं व्हायचं, ही चाचणीघरातल्या माणसांची रीतच होती; बहुतेक वेळा विचारलेलं असतं चहा घेणार का, आणि चहाला कोण नाही म्हणतं? ह्या होकारापायी एकदा नवऱ्याची मावशी महिनाभर राहून गेली होती.

निळा अंगरखा आणि कानांवरची जाड टोपणं कारखान्यात परत करायची होती. तिने दोन्ही पिशवीत कोंबलं आणि ती निघाली.

बाहेर गल्ली नुसती उभी होती. दुकानं उघडी, पण दुकानदार एकमेकांच्या पायऱ्यांवर बसलेले, कारण स्वतःच्या दुकानात बसून करायचं काय? शिंपी बुटांच्या दुकानात, बुटवाला न्हाव्याच्या खुर्चीत. बंदुका खपेनाशा झाल्या म्हणजे जगात कुठेतरी लोकांची भीती कमी झाली असणार, असं न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा, गिऱ्हाइकं होती तोवर. तिकडे कुणाला शांत झोप लागली आणि इकडे चुली विझल्या. आणि चुली विझल्या तसा सगळ्या वस्तीचा हात सुटला होता. सार्वजनिक नळावर दोन भल्या घरच्या बायका झिंज्या धरून लोळल्या. न्हाव्याच्या आरशाला तडा होता, त्याच्या मनगटाला पट्टी होती, आणि दोन्हींबद्दल कोणी विचारत नव्हतं.

आणि हे सगळं परवापासून जास्त. परवा साहेबांनी सगळ्यांना आवारात उभं करून सांगितलं होतं, की आता घरटी एकच माणूस कामावर राहील. सख्खी भावंडं, बाप-लेक, नवरा-बायको – सगळी एकाच घरातली धरली जातील, मग राहायला कुठेही असोत. कोण राहणार ते आपसांत ठरवा आणि कचेरीत कळवा. आवाज इतका मऊ होता की जणू बक्षीसच वाटत होते. त्या संध्याकाळी आपसांत ठरवता ठरवता गल्लीत तीन घरांच्या काचा फुटल्या, आणि एका बापाने लेकाच्या डोक्यात कुलूप घातलं.

तिचं घर म्हणजे ती आणि धाकटा. नवऱ्याचं काम आधीच गेलेलं. धाकटा भाऊ मात्र तिच्याच शब्दावर कारखान्यात लागलेला, चाचणीघरातच, बोगद्यातली वाळू बदलायच्या कामावर. दोन दिवसांनी सुट्टी आहे, बसू आणि ठरवू, असं तिच्या मनात होतं. घाई कसली? ती दोघं काही कुलूप घालणाऱ्यांतली नव्हती. आणि काल दुपारी तिला बोलावून सांगितलं की उद्या सामान जमा करा. ती धरून चालली की साहेबांना धीर धरवला नाही, त्यांनीच ठरवून टाकलं. काल रात्रभर ती साहेबांच्या मऊ गळ्यावर जागा शोधत होती.

कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनाच्या भुवईला टाके होते. तिला बघून तो चक्क उठून उभा राहिला.

"बसा ना तुम्ही. परवापासून ह्या खिडकीत नुसत्या शिव्या खातोय. बाप लेकाचं नाव कापायला सांगतो, लेक बापाचं. स्वतःहून निघालेलं माणूस तुम्हीच एक."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिने उजवा कान पुढे केला. कोण म्हणालं, मी स्वतःहून निघाले?

"तुमचा भाऊच. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या. म्हणाला, ताईला विचारलं, ताई हो म्हणाली."

तिने पिशवी खिडकीत ठेवली. अंगरखा काढला, टोपणं काढली. टोपणांच्या आत तिच्याच घामाचा वास होता. कारकून आणखी काही बोलत होता, पण मध्ये कालची सकाळ येऊन उभी राहिली होती... दोन बंदुकांच्या मधला वेळ. कानांवर टोपणं. मागून एक हात खांद्यावर पडतो, डाव्या, न दुखणाऱ्या खांद्यावर. ती वळून बघते तर धाकटा. त्याचे ओठ हलतात. वाळूने पांढऱ्या झालेल्या पापण्या, आणि ओठ हलताहेत, बराच वेळ – चहाला एवढा वेळ लागतो का? – आणि मी मान हलवते. मी मान हलवते आणि तो माझा खांदा दाबतो, दाबून ठेवतो, आणि मला बरं वाटतं. लहानपणानंतर पहिल्यांदाच ह्याने आपल्या अंगाला हात लावला, असं मनात येतं, आणि त्या नादात मी पुढची बंदूक उचलते.

डावीकडून आला होता तो. सगळं चाचणीघर उजवीकडून येतं, आणि हा... ह्याला तर मी कुठल्या कुशीवर झोपले म्हणजे हाक ऐकू येत नाही तेही ठाऊक आहे.

फाटकाबाहेर चहावालीने तिचा हात धरला. कारकुनाने तिलाही सांगितलेलं दिसत होतं. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. चहाचे पैसे घेईना. त्या फुकट चहाचा प्रत्येक घोट तिच्या घशातून काचेसारखा खाली गेला. आता सगळी वस्ती आपल्याकडे असं ओल्या डोळ्यांनी बघणार, म्हातारपणापर्यंत बघणार, आणि आपण काही दिलेलंच नाही. आपल्या खिशातून काढून घेतलं आणि वर आपल्यालाच दानशूर ठरवलं.

वळणावर घोळका होता. मध्ये एक तरुण खाली पडला होता. बापाचं नाव कापून आलेला, असं कोणीतरी सांगितलं. चार-पाच जण त्याला लाथा घालत होते, फारशा रागाने नव्हे, कामावर असल्यासारखे, पाळीपाळीने. ती कडेने जाणार होती. जायलाच निघाली होती, आणि तिचा पाय उचलला गेला आणि त्याच्या बरगडीत बसला. मऊ लागलं. आत काहीतरी टणक, आणि त्यावर मऊ. वाळूत धप्प व्हायचं ते किती दूर व्हायचं; हे इथे, पायाच्या बोटांशी, गरम. तो कण्हला आणि तिला ते नीट, स्वच्छ ऐकू आलं. आणि – खोटं कशाला बोलायचं – बरं वाटलं. खूप बरं वाटलं. ती पुढे चालू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ पळतो आहोत.

धाकटा त्याच्या दारापुढच्या ओट्यावर उकिडवा बसून खुर्चीचा पाय ठोकत होता. आज त्याची दुसरी पाळी होती, कामावर जायला अवकाश होता. पाठ तिच्याकडे. मानेवर, केस संपतात तिथे, एक खळगा. लहानपणी त्या खळग्यात मळ साचायचा आणि ती ओल्या फडक्याने घासून काढायची. तो ओरडायचा, ती एक धपाटा घालायची, आणखी घासायची. आई गेल्यावर त्याचं सगळं तिनेच केलं. ह्याला मारणाऱ्या पोराला तिने पाण्याच्या बादलीने हाणलं होतं, त्याचा दात पडेस्तोवर; तेव्हा हा बाजूला उभा राहून टाळ्या पिटत होता... त्या खळग्यावर एक. एकच पुरे. तिची नजर तिथे टेकली आणि श्वास आपोआप अर्ध्यावर थांबला, चाप ओढायच्या आधी थांबतो तसा.

तो वळला. बघितल्याबरोबर त्याला कळलं, हे तिला दिसलं.

"ताई, मी विचारलं होतं तुला. तू मान हलवलीस."

तिचा हात सुटला. पहिली चपराक गालावर बसली, दुसरी कानावर, आणि तिसरीला मूठ झालेली होती. त्याचा ओठ फुटला. त्याने हात वर केला नाही, नुसता बसून राहिला, म्हणून आणखी मारलं. आतून भावजय ओल्या हातांनीच धावत आली, तिने तिला कमरेला धरलं. वन्सं, नका, वन्सं, असं ती म्हणत होती, तिची मिठी घट्ट होती आणि ती रडत होती, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तिने भावजयीला झटकून टाकलं. ओट्यावरची हातोडी कधी उचलली ते तिला कळलं नाही. दांडा त्याच्या घामाने ओला होता, आणि वजन हातात बरोबर बसलं होतं.

"कुठल्या बाजूला उभा होतास?" तिने विचारलं.

तो हातोडीकडे बघत नव्हता. ओठावरचं रक्त त्याने मनगटाने पुसलं, उठला, आणि – मुद्दाम, हे तिला दिसलं – तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"नीट विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस."

"आजवर तुला कधी नाही म्हटलंय मी?"

"कधीच नाही. ह्या वेळी म्हणाली असतीस."

ती हसायला गेली. काय बोलतो हा – ज्याला मी माझ्या ताटातलं काढून भरवलं, ज्याच्यासाठी लोकांचे दात पाडले, त्याला मी नाही म्हणेन? आत्ता दाखवते, असं वाटून तिने मनातल्या मनात त्याला पुन्हा चाचणीघरात नेलं. कानांवरची टोपणं काढली. त्याला उजवीकडे उभं केलं, सगळे उभे राहतात तसं, आणि त्याला विचारायला लावलं. ताई, मी राहू का? त्याने विचारलं. तिने वाट पाहिली. होकार जिथून येतो, आजवर न शोधता आला होता, तिथे तिने नजर लावली... आणि तिथे बंदूक होती. खांद्यातला तो ठणका, जळकट वास, कोऱ्या नळीतली पहिली गोळी, आणि ती कुणाची, तर माझी. मी राहणार. तू तरुण आहेस, तू बघ कुठेतरी. आवाज तिचाच होता आणि त्यात जराही अडखळणं नव्हतं.

हे ह्याने कधी ऐकलं? कधीपासून ऐकत होता? तिच्या हातचं खाताना, तिचे धपाटे खाताना, ताई-ताई करत मागे फिरताना – ह्याला ठाऊक होतं तर, की ही बाई कुठपर्यंत देईल आणि कुठे थांबेल. तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

भावजय हुंदके देत जमिनीवरून उठत होती. तो तसाच उभा होता, रक्त हनुवटीपर्यंत आलेलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत होता; त्याच्या बघण्यात भीती नव्हती, माफी मागणंही नव्हतं, तो नुसता उत्तराची वाट बघत होता. राग तिच्या अंगात होता तेवढाच होता, पण आता त्याला जागा सापडेना. ह्याच्या मानेवर नाही, साहेबांच्या गळ्यावर नाही. तिने पुन्हा एकदा त्याला विचारायला लावलं, ह्या वेळी सावकाश, ह्या वेळी त्याच्या लहानपणच्या आवाजात, आणि हो म्हणायला तोंड उघडलं... आणि पुन्हा नाहीच म्हणाली.