नऊशे ग्रॅम

"पण भीती कुणाची?" साहेबांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला. "'धंद्यानिमित्त एकट्याने प्रवास' हे तर सगळेच लिहितात. तुमचं काय ते लिहा. आणि पाचच्या आत आणून द्या, आज शेवटची तारीख आहे. नाहीतर परवाना गेला आणि वस्तू इथेच जमा."

वस्तू म्हणजे पिस्तूल. ते सकाळी तपासणीसाठी काढून घेतलं होतं आणि त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. काटेवाल्याने अर्जाची घडी करून खिशात घातली आणि तो कामाला निघाला. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. दुकानदार, गोदामवाले, दवाखानेवाले सगळे त्याला काटेवालेच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणे. ग्रॅमचा हिशेब चोख ठेवणारा हा माणूस सकाळपासून एका रिकाम्या ओळीपुढे अडला होता.

भीती कुणाची? सात वर्षांपूर्वी भर दुपारी रस्त्यात गाडीचं चाक बसलं, तेव्हा दोघं जण आले होते. त्यांनी त्याच्या थोबाडीत एक मारली, फोन घेतला, पितळी वजनांची पेटी नेली. ते दोघे पुन्हा कधी दिसले नाहीत. दिसले असते तरी त्याने ओळखले नसते. त्याला आठवत होते ते स्वतःचे हात. पोराच्या वयाच्या त्या दोघांपुढे त्याने हात जोडले होते, "दादा, जाऊ द्या हो," म्हटलं होतं, आणि बायको पुढच्या सीटवर बसून बघत होती. घरी आल्यावर तिने फक्त "पाणी देऊ का?" एवढंच विचारलं. महिन्याभराने त्याने पिस्तूल घेतलं. त्यानंतर दर रविवारी ते पुसण्यापलीकडे त्याने त्याचं काहीही केलं नव्हतं. आता हे सगळं त्या बोटभर ओळीत बसवायचं कसं?

याच गोंधळात तो डायलिसिसच्या विभागात पोचला. इथल्या काट्याला मान होता. पेशंट आला की आधी वजन. ठरलेल्या वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल तेवढं अंगात साठलेलं पाणी, आणि तेवढंच मशीनने काढायचं. दोन दिवसांपासून काट्यावरचे आकडे नाचत होते.

"काका, लवकर करा हं," सिस्टर म्हणाली. "मास्तर येऊन बसलेत."

"बसू दे गं," निवृत्त मास्तर खुर्चीतून म्हणाले. "मला कुठे गाडी पकडायचीय?"

काटेवाल्याने आतली वायर बदलली. खरं तर यानंतर वीस-वीस किलोची वजनं ठेवून काटा तपासायचा. पण वजनं खाली गाडीत, विभाग चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. अशा वेळी त्याची एक वाईट खोड होती: तो स्वतःच काट्यावर उभा राही. घरी तपासून घेतलेला काटा होता, त्यावर तो रोज बाहेर पडताना स्वतःला तोलून घ्यायचा. आज सकाळी कपडे, बूट, कमरेची वस्तू सगळं धरून बहात्तर किलो चारशे भरला होता.

इथे एकाहत्तर पाचशे आले. त्याने उतरून पुन्हा पाहिलं. तेच. 'काटा नऊशे ग्रॅम खातोय,' असं पुटपुटत त्याने आकडा बहात्तर चारशेवर आणून बसवला, झाकण लावलं आणि जिना उतरला. डोक्यात साहेबांचा प्रश्नच घोळत होता.

चारच्या सुमारास तो कचेरीतल्या बाकावर अर्ज मांडीवर घेऊन बसला. 'स्वसंरक्षण' लिहिलं आणि खोडलं. 'कुटुंबाचे रक्षण' लिहिलं. तेही खोटं वाटलं. शेवटी त्याने बायकोला फोन लावला.

"ते मी का बाळगतो गं?"

"आता हे मला विचारताय?"

"अर्जात लिहायचंय."

"मला वाटायचं, माझ्यामुळे. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, म्हणून."

"काय बोलायचं होतं?"

"बरं झालं हात जोडलेत, असं म्हणायचं होतं. आपण दोघं धड घरी आलो. पण तुमचं तोंड बघून धीर नाही झाला."

"सात वर्षं?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत!"

त्याला राग आला, रडू आलं, की हसू, तेच कळेना. फोन ठेवून, अर्ज खिशात घालून तो उठला आणि सवयीने त्याने पॅन्ट वर ओढली. पॅन्ट सहज वर आली. उजव्या बाजूला हाताला काहीच लागलं नाही.

तो तसाच उभा राहिला. मग त्याच्या तोंडून आवाज फुटला, "अरे देवा! काटा बरोबर होता!"

दवाखाना दहा मिनिटांवर होता. तो फोन लावत होता, पण विभागात कुणी उचलत नव्हतं. चार मजले चढून तो आत शिरला तेव्हा मास्तर पलंगावर तळमळत होते. सिस्टर त्यांचा एक पाय धरून होती आणि चिडून बोलत होती.

"किती वेळा सांगितलं, पाणी कमी प्या! जास्त भरलं की जास्त काढावं लागतं, मग हे असे गोळे येतात."

"अगं, नाही प्यायलो मी," मास्तर कळवळून म्हणाले. "शपथ घेऊ का?"

"काटा खोटं बोलतो का?"

"सिस्टर, बंद करा!" काटेवाला धापा टाकत ओरडला. "पाणी काढणं बंद करा आधी. काटा नऊशे ग्रॅम जास्त दाखवतोय. मी चुकीचा लावला."

सिस्टरने झटकन मशीनवरचं बटण दाबलं, सलाइन सोडलं, मग वळली. "चुकीचा? तुम्ही?"

"मी स्वतःला धरून लावला. रोज माझ्याजवळ पिस्तूल असतं. आज नव्हतं."

सिस्टर अर्धं पाऊल मागे सरकली. या विभागात तो पाच वर्षं येत होता, तिच्या हातचा चहा घेत होता. "इथे? या माणसांत तुम्ही ते घेऊन यायचात?" तिने हळूच विचारलं.

तो मास्तरांच्या पलंगाशी गेला. "चूक माझी आहे. तुम्ही खरं बोलत होता," तो म्हणाला, आणि आपण हात जोडलेत हे त्याच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

"अहो, हात काय जोडताय!" दुसऱ्या पायात गोळा आला तसे मास्तर ओरडले. "पोटरी धरा, पोटरी!"

त्याने दोन्ही हातांनी पोटरी धरली. ती दगडासारखी घट्ट झाली होती.

"पाऊल वर दाबून धरा," सिस्टर दुरूनच म्हणाली. "मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. तो वाकल्यामुळे खिशातला अर्ज पोटाला टोचत होता. त्याची नजर दोनदा घड्याळाकडे गेली, तेव्हा मास्तरांनी कण्हतच विचारलं, "कुठे जायचंय का तुम्हाला?"

"हो. म्हणजे... माहीत नाही."

"मग थांबा की. दाबा जरा, तिथेच."

तो दाबत राहिला. हळूहळू बोटांखाली पोटरी सैल पडू लागली, मास्तरांचा श्वास खाली बसला, डोळे मिटले. सिस्टरने येऊन नाडी पाहिली आणि "आता सोडलं तरी चालेल," म्हणाली. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. काटेवाल्याने मान हलवली, पण हात काही काढले नाहीत.